‘आहे’चा हिशेब : तर्कशास्त्र आणि सत्ताशास्त्र यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच लहानसा शब्द आहे : ‘आहे’. तर्कशास्त्र अनुमानाचा आकार तपासते आणि सत्ताशास्त्र मुळात काय काय अस्तित्वात आहे ते विचारते, अशी विभागणी आपण शिकतो. पण तर्कशास्त्राच्या वहीत संख्यापकाचे, म्हणजे ‘सर्व’ किंवा ‘काही’ सांगणारे, चिन्ह लिहिले, की सत्ताशास्त्राच्या खात्यात आपोआप एक नोंद पडते. ती कोणती आणि टाळता येते का, हे उत्तरांत पाहू. मुख्य चिन्हे दोन : (∀क्ष) म्हणजे ‘प्रत्येक क्ष बाबत’ आणि (∃क्ष) म्हणजे ‘निदान एक क्ष असा आहे की’. जोडीला → म्हणजे ‘जर-तर’, ∧ ‘आणि’, ∨ ‘किंवा’, ~ ‘नाही’; ‘स क्ष’ म्हणजे ‘क्ष हा स आहे’.

प्रश्न : पारंपरिक तर्कशास्त्रात ‘सर्व स हे प आहेत’ खरे असेल तर ‘काही स हे प आहेत’ हेही खरे, असे शिकलो. सांकेतिक तर्कशास्त्रात मात्र हेच अनुमान अवैध ठरते. परीक्षेत काय लिहायचे हे कळते, पण खरे काय? (बारावी, कला शाखेचा विद्यार्थी)

आधी गाडे कुठे अडते ते पाहा. ‘सर्व स हे प आहेत’ याचे आधुनिक रूप (∀क्ष)(स क्ष → प क्ष). यातून अ या एका उदाहरणासाठी ‘स अ → प अ’ एवढेच मिळते. पुढे सरकायला ‘स अ’ हवे आणि ते कोणी दिलेलेच नाही. जर-तर विधान हातात आहे, पण ‘जर’ पुरा करणारी वस्तू नाही. ‘काही स हे प आहेत’ याचे रूप मात्र (∃क्ष)(स क्ष ∧ प क्ष) असे आहे आणि त्याला प्रत्यक्ष वस्तू लागते.

रेल्वेतली सूचना घ्या : ‘सर्व विनातिकीट प्रवासी दंडास पात्र आहेत.’ एखाद्या दिवशी गाडीत एकही विनातिकीट प्रवासी नसला, तरी सूचना खोटी पडत नाही. त्या दिवशी ‘काही विनातिकीट प्रवासी दंडास पात्र आहेत’ हे मात्र खोटेच.

मग अनुमान वैध करायचे असेल तर (∃क्ष) स क्ष हे आधारविधान उघडपणे लिहा. यात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अस्तित्ववाचक विधानातून नवे नाव घेऊन ‘स अ’ काढा, मग सार्विक विधानातून त्याच अ साठी ‘स अ → प अ’. त्यातून ‘प अ’, दोहोंचा संयोग, आणि शेवटी (∃क्ष)(स क्ष ∧ प क्ष). क्रम उलटा केला, म्हणजे अ आधीच सार्विक विधानासाठी वापरून टाकला, तर अस्तित्ववाचक विधानासाठी तेच नाव घेता येत नाही. ते नाव सिद्धतेत पूर्वी कुठेही आलेले नसावे, असा नियम आहे. या प्रकरणात गुण जातात ते बहुधा इथेच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘काही’साठी जर-तर वापरणे. (∃क्ष)(स क्ष → प क्ष) हे विधान जगात ‘स नसलेली’ एखादी वस्तू असली, तरी खरे होते. ‘काही ससे उडतात’ हे असे लिहिले, तर टेबलाच्या जोरावर ते खरे ठरेल. ‘सर्व’ला जर-तर आणि ‘काही’ला आणि, ही जोडी पक्की ठेवा.

रिकामे वर्ग मान्य केले की विरोधचौकोनातले (‘सर्व’, ‘एकही नाही’, ‘काही’, ‘काही नाहीत’ या चार विधानांची नाती दाखवणाऱ्या आकृतीतले) फक्त दोन कर्ण उरतात, म्हणजे व्याघाताची नाती. बाकी उपाश्रयण, विरोध, उपविरोध सगळे गळून पडतात. संवाक्याच्या (दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या अनुमानाच्या) पारंपरिक २४ वैध प्रकारांपैकी १५ निर्धास्त राहतात. उरलेल्या ९ प्रकारांना अस्तित्वाचे जादा आधारविधान लागते. डाराप्टी आणि फेलाप्टॉन त्यांतलेच.

खरे काय, याचे उत्तर : दोन्ही पद्धती आपापल्या गृहीतकावर सुसंगत आहेत. जुनी पद्धत म्हणते, पदे रिकामी नसावीत. नवी म्हणते, असली तरी चालतील, पण अस्तित्व गृहीत धरत असाल तर वेगळे लिहून दाखवा. आम्हांला दुसरी अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात लपवाछपवी होत नाही. आपली मराठीही हा भेद थोडा जपते. ‘राक्षस मायावी असतात’ असे म्हणताना कोणी राक्षसांच्या अस्तित्वाची हमी देत नाही. ‘या खोलीतली सगळी मुले हुशार आहेत’ असे म्हणणाऱ्याने मात्र खोलीत मुले आहेत हे धरलेले असते. ‘असतात’ आणि ‘आहेत’ यांच्यातले हे अंतर संकेतांत आणताना हरवू देऊ नका.

प्रश्न : म्हणजे आधुनिक तर्कशास्त्र अस्तित्वाच्या बाबतीत पूर्ण तटस्थ आहे, असे समजायचे का? (त्याच विद्यार्थ्याचा उपप्रश्न)

नाही. ∀ आणि ∃ वापरणाऱ्या नेहमीच्या विधेय-तर्कशास्त्रात (∃क्ष)(प क्ष ∨ ~प क्ष) हे एकही आधारविधान न घेता सिद्ध होते. ‘प अ ∨ ~प अ’ ही पुनरुक्ती लिहा आणि अस्तित्ववाचक सामान्यीकरण करा. दोन ओळींत काम होते. म्हणजे ‘निदान एक वस्तू आहे’ हे शुद्ध तर्काने सिद्ध झाले! तसेच प्रत्येक नावासाठी (∃क्ष)(क्ष = अ) हेही सिद्ध होते, म्हणून ‘पेगासस’ हे नाव भाषेत घेतले की पंखांचा घोडा अस्तित्वात येऊन बसतो. याचे कारण दोन गृहीतके : विचारविश्व, म्हणजे चल ज्यांवर फिरते त्या वस्तूंचा समूह, रिकामे नसते, आणि प्रत्येक नाव कोणाचे तरी असते.

यांतले दुसरे, आणि अनेकदा पहिलेही, काढून टाकणाऱ्या पद्धतीला कॅरल लॅम्बर्ट यांनी १९६० मध्ये ‘मुक्त तर्कशास्त्र’ असे नाव दिले. तिथे सार्विक विधानातून अ साठी उदाहरण काढायचे तर ‘अ अस्तित्वात आहे’ हे सोबत द्यावे लागते. सिद्धता लांबते, पण घोडे उगवत नाहीत. (दुसरे गृहीतक ठेवून फक्त पहिले काढणाऱ्या पद्धतीही आहेत, त्या वेगळ्या.)

प्रश्न : अस्तित्व हे विधेय नाही, असे कांट म्हणाला, एवढे वाचले आहे. मग ‘ईश्वर परिपूर्ण, म्हणून तो आहेच’ या युक्तिवादात नेमकी चूक कुठे? शिवाय संगणकाने ईश्वर सिद्ध केला अशी बातमीही फिरत असते. (निवृत्त शिक्षक)

अकराव्या शतकात अँसेल्मने मांडलेल्या या युक्तिवादाचा कणा व्याख्येत आहे : ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही, तो ईश्वर; प्रत्यक्ष असणे हे नुसते कल्पनेत असण्याहून थोर; म्हणून तो प्रत्यक्ष असलाच पाहिजे. कांटने १७८१ मध्ये दिलेले उत्तर नाण्यांचे आहे. शंभर खरे थेलर आणि शंभर कल्पित थेलर यांच्या संकल्पनेत एका पैचाही फरक नसतो. फरक खिशात पडतो. ‘आहे’ म्हटल्याने संकल्पनेत नवा गुण जमा होत नाही.

हा मुद्दा काटेकोर केला फ्रेगेने, १८८४ मध्ये. अस्तित्व हा वस्तूचा गुणच नाही, ते संकल्पनेविषयीचे विधान आहे : या संकल्पनेत मोडणाऱ्या वस्तूंची संख्या शून्य नाही. ‘घोडे आहेत’ याचा विषय एखादा घोडा नसून ‘घोडा’ ही संकल्पना आहे. म्हणूनच ∃ हे चिन्ह विधेयासमोर लागते, नावासमोर लागत नाही.

आता चूक दिसते. व्याख्येत अस्तित्व कोंबले, तरी व्याख्येतून निघते ते जर-तरच : जर काही परिपूर्ण असेल, तर ते अस्तित्वात असेल. हे खरे आहे, आणि नास्तिकालाही मान्य व्हायला हरकत नाही. पहिल्या उत्तरातली विनातिकीट प्रवाशांची अडचणच इथे पुन्हा आली : ‘जर’ पुरा कोण करणार?

बातमीबद्दल. कुर्ट गोडेलने १९७० मध्ये या युक्तिवादाची शक्यता-अनिवार्यतेच्या तर्कशास्त्रातली एक आवृत्ती लिहिली होती. क्रिस्टोफ बेन्झम्युलर आणि ब्रूनो वोल्ट्झेनलोगेल पालेओ यांनी २०१३ मध्ये ती संगणकावर तपासली. निष्कर्ष तीन निघाले आणि तिन्ही एकत्र सांगितले पाहिजेत. डेना स्कॉटने दुरुस्त केलेल्या आवृत्तीत गृहीतकांपासून निष्कर्ष खरोखरच निघतो. गोडेलच्या मूळ आवृत्तीतली गृहीतके मात्र परस्परविसंगत निघाली, कारण ‘सार’ या संकल्पनेच्या व्याख्येत ‘तो गुण त्या वस्तूत असला पाहिजे’ ही एक अट राहून गेली होती. तिसरे, स्कॉटच्या आवृत्तीतूनही ‘जे जे खरे ते ते अनिवार्यपणे खरे’ असे निघते; हॉवर्ड सोबेलने हा दोष १९८७ मध्येच दाखवला होता. संगणक पायऱ्या तपासतो. गृहीतके स्वीकारायची की नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही.

प्रश्न : ‘शशशृंग नाही’ हे वाक्य न्यायदर्शनात आणि रसेलच्या सिद्धांतात, दोन्हीकडे येते. दोघांचे उत्तर एकच आहे का? (संस्कृतच्या अभ्यासक)

प्रश्न फार मोलाचा आहे. थोडा वेळ काढून बोलू.

कोडे दोघांसमोर सारखेच. सशाचे शिंग नाही, असे म्हणताना नाही म्हटले कोणाविषयी? ते शिंग नसेल तर वाक्याला विषयच उरत नाही. विषय असेल तर वाक्य खोटे. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ मायनाँगने सोपा वाटणारा मार्ग घेतला : अस्तित्वात नसलेल्या वस्तूही ‘विषय’ असतात, सोन्याचा डोंगर हा एक विषय आणि चौकोनी वर्तुळ हाही. रसेलचे म्हणणे असे, की यातून विसंगती अंगावर येते, कारण चौकोनी वर्तुळ चौकोनी आहे आणि नाहीही.

रसेलने १९०५ मध्ये वाक्यच उकलले. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ याचे तीन तुकडे : निदान एक जण फ्रान्सचा राजा आहे; त्याच्याखेरीज दुसरा कोणी नाही; आणि तो टकला आहे. नकार द्यायचा तर जागा दोन. संपूर्ण वाक्याच्या बाहेर ‘नाही’ लावले तर विधान खरे, कारण पहिलाच तुकडा खोटा आहे. फक्त ‘टकला’ला लावले तर खोटे, कारण राजा मानूनच आपण त्याच्या डोक्यावर केस चढवत आहोत. शशशृंगाचेही तसेच : ~(∃क्ष)(क्ष शिंग आहे ∧ क्ष सशाचे आहे). ‘शशशृंग’ नावाचे काहीही या ओळीत उरलेले नाही.

नैयायिकही वाक्य उकलतो, पण नकाराचे अवयव मागतो. ‘भूतलावर घट नाही’ यात अभाव ज्याचा तो घट प्रतियोगी. अभाव जिथे राहतो ते भूतल अनुयोगी. आणि कोणत्या संबंधाने नाही हेही सांगावे लागते, इथे संयोगाने. नियम असा, की प्रतियोगी सिद्ध, म्हणजे कुठे ना कुठे असणारा हवा. शशशृंग कुठेच नाही, तेव्हा ते प्रतियोगी होऊच शकत नाही. म्हणून वाक्याचा अर्थ लावायचा तो असा : सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. ससा सिद्ध आहे, शिंग गाईच्या डोक्यावर सिद्ध आहे, आणि खोटे होते ते फक्त त्यांचे नाते.

इथपर्यंत दोघे शेजारी वाटतात : दोघांनीही फसवे पद फोडले. फरक पुढे आहे. रसेलच्या ओळीत ‘~’ हे फक्त चिन्ह आहे. त्याच्याशी जुळणारी कोणतीही वस्तू जगात नाही. न्याय-वैशेषिकात मात्र अभाव हाच सातवा पदार्थ, म्हणजे सत्तेचा सातवा मूलभूत प्रकार. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय यांच्या पंगतीत तो बसतो, आणि प्रागभाव (उत्पत्तीपूर्वीचा), प्रध्वंसाभाव (नाशानंतरचा), अत्यंताभाव, अन्योन्याभाव असे त्याचे चार प्रकार अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह देतो. मराठीत यांतला एक भेद अजून जिवंत आहे. ‘इथे घोडा नाही’ हा अत्यंताभाव. ‘हा घोडा नव्हे’ हा अन्योन्याभाव. बोलताना आपण हल्ली दोन्हीकडे ‘नाही’ वापरतो, पण ‘नव्हे’ची जागा वेगळी होती, आणि तर्काच्या दृष्टीने ती हवी आहे : पहिल्यात नाते नाकारले, दुसऱ्यात तादात्म्य.

संबंध सांगायला विसरले की काय होते, ते शिकणाऱ्याने एकदा करून पाहावे. भूतलावर घट ठेवलेला आहे. तरीही त्याच भूतलावर समवायसंबंधाने (अवयव-अवयवी यांच्यासारख्या न तुटणाऱ्या संबंधाने) घटाचा अभाव आहेच, कारण समवायाने घट राहतो तो आपल्या कपालांत, म्हणजे अवयवांत. जमिनीत राहत नाही. ‘घट आहे’ आणि ‘घटाभाव आहे’ ही दोन्ही विधाने एकाच जागी खरी झाली. व्याघात वाटतो, पण तो नाही : पहिले संयोगाने, दुसरे समवायाने. नव्यन्यायाची ती लांबलचक ‘अवच्छेदक, अवच्छिन्न’ (मर्यादा ठरवणारा, मर्यादित) भाषा लोकांना उगीच क्लिष्ट वाटते. असे खोटे व्याघात अडवणे हे तिचे काम आहे. ∀ आणि ∃ च्या भाषेत जे काम कंस करतात, ते इथे संबंध आणि अवच्छेदक करतात.

आणखी एक स्थळ अभ्यासकांनी जरूर पाहावे. घटाच्या अभावाचा अभाव म्हणजे काय? घटच, असे प्राचीन मत. तर्कसंग्रहाच्या दीपिका या टीकेत नवीनांचे मत दिले आहे ते असे, की अभावाचा अभाव हा वेगळाच पदार्थ; मात्र तिसरा अभाव पहिल्याशी एकरूप असतो, त्यामुळे अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, होत नाही. विसाव्या शतकात ब्रौवरच्या अंतःप्रज्ञावादी गणितात हाच आकार दिसतो : ~~प वरून प काढता येत नाही, पण ~~~प आणि ~प समतुल्य आहेत. हे साम्य आकाराचे आहे, एवढे भान मात्र ठेवा. नैयायिकाचा अभाव वस्तूचा असतो, ब्रौवरचा नकार विधानाचा. ब्रौवरला प्रश्न सिद्धता हातात आहे का याचा पडतो. नैयायिकाला पडतो पदार्थ किती मानायचे याचा.

तेव्हा उत्तर एक नाही. रसेल पदार्थ कमी करून तर्काचे व्याकरण वाढवतो. नैयायिक आधी पदार्थ ठरवतो आणि तर्काची भाषा त्यांच्या मापाने शिवतो.

प्रश्न : क्वाइनचा ‘असणे म्हणजे चलाचे मूल्य असणे’ हा निकष प्रबंधात वापरायचा आहे. प्रत्यक्ष एखाद्या विधानाची अस्तित्वविषयक बांधिलकी काढायची कशी? (एम. ए., तत्त्वज्ञान)

१९४८ चा हा निकष काय आहे यापेक्षा काय नाही, ते आधी लक्षात घ्या. जगात काय आहे हे तो सांगत नाही. तुमचा सिद्धांत काय आहे असे म्हणतो, एवढेच तो सांगतो.

रीत अशी : सिद्धांतातली तुम्ही खरी मानता ती वाक्ये घ्या, ती पहिल्या पातळीच्या विधेय-तर्कशास्त्रात (जिथे चले फक्त वस्तूंवर फिरतात) लिहा, मग पाहा, ती खरी व्हायची तर ∃ ने बांधलेल्या चलांच्या जागी कोणत्या प्रकारच्या वस्तू याव्याच लागतील. त्या वस्तूंचे देणे तुमच्या डोक्यावर.

‘या रस्त्यावर तीन खड्डे आहेत’ हे घेऊ. तीन चले, ती परस्पर वेगळी असल्याची तीन विधाने, आणि प्रत्येकाला ‘खड्डा’ हे विधेय. म्हणजे डांबर आणि खडी यांच्या जोडीला खड्डे नावाच्या वस्तू आल्या. नको असतील तर वाक्य बदला : ‘रस्ता तीन ठिकाणी खचला आहे.’ खड्डे गेले, पण ‘ठिकाणे’ आली, आणि ती मोजलीसुद्धा. बांधिलकी बहुतेक वेळा अशी जागा बदलते. फिटली असे समजून पुढे जाऊ नका. विद्यार्थी पुनर्लेखन करतात आणि नव्या वाक्याची तपासणी करायचे राहून जाते.

संख्यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. ‘ग्रहांची संख्या ८ आहे’ यात ८ ही वस्तू असल्यासारखी वाटते. पण ‘नेमके आठ ग्रह आहेत’ हे संख्येविना लिहिता येते : आठ चले, दोन-दोनांच्या जोड्यांनी २८ असमानता, आणि ‘याखेरीज दुसरा ग्रह नाही’ ही अट. लांब, पण निर्दोष. मात्र ‘प्रत्येक मूळसंख्येहून मोठी मूळसंख्या असते’ या विधानात चल संख्यांवरच फिरते. तिथे ही युक्ती चालत नाही. गुडमन आणि क्वाइन यांनी १९४७ मध्ये अमूर्त वस्तूंवाचून भागवण्याचा जोरदार प्रयत्न केला. पुढे क्वाइनने संच स्वीकारले, कारण विज्ञानाला गणित लागते आणि गणिताला ते लागतात.

सापळे तीन. नावाने बांधिलकी होत नाही. क्वाइन नावे वर्णनांत विरघळवून टाकतो. विधेयानेही होत नाही : ‘जास्वंद लाल आहे’ म्हटल्याने ‘लालपणा’ मान्य केला असे होत नाही, पण ‘या दोघांत काहीतरी समान आहे’ असे म्हणालात आणि ते ‘काहीतरी’ चल केलेत, की गुण मान्य झाला. तिसरा सापळा आपल्या भाषेचा. ‘मला घाई आहे’, ‘त्याच्या बोलण्यात दम आहे’ यांत ‘आहे’ असले तरी लगेच ‘घाई’ नावाची वस्तू यादीत टाकू नका. कसोटी अशी : तुम्ही ती मोजता का, दुसरीशी ताडून तीच की वेगळी असे विचारता का, ‘ती’ म्हणून तिच्याकडे परत वळता का? घाई कोणी मोजत नाही. ‘अपघाताची दोन कारणे आहेत, पहिले दुसऱ्याहून गंभीर’ असे म्हणणाऱ्याला मात्र कारणांचा हिशेब द्यावा लागेल.

प्रबंधात एक हरकत नोंदवायला विसरू नका. ‘काही टीकाकार फक्त एकमेकांचेच कौतुक करतात’ हे वाक्य पहिल्या पातळीच्या तर्कशास्त्रात, फक्त टीकाकारांवर फिरणारी चले वापरून, लिहिताच येत नाही. क्वाइनच्या मार्गाने गेलो तर टीकाकारांचा संच मानावा लागतो. जॉर्ज बूलोसने १९८४ मध्ये दाखवले, की अनेकवचनी (संच न मानता अनेक वस्तूंवर एकत्र फिरणारा) संख्यापक घेतला तर टीकाकारांपलीकडे काहीच मानावे लागत नाही. म्हणजे बांधिलकी किती, हे तुम्ही कोणते तर्कशास्त्र निवडता यावरही ठरते. हा मुद्दा वगळून निकष वापरलेला प्रबंध आम्हांला अपुरा वाटेल.

प्रश्न : आमच्या क्षेत्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणजे ओडब्ल्यूएल या संगणकीय भाषेत लिहिलेली संकल्पनांची यादी. तिचा तत्त्वज्ञानाशी नावापुरताच संबंध आहे का? (सॉफ्टवेअर अभियंता)

नावापुरता नाही, तुमच्या बहुतेक चुका याच पानावरच्या आहेत. समजा, शाकाहारी थाळीची व्याख्या तुम्ही केली : ‘जिच्यात फक्त शाकाहारी पदार्थ आहेत ती थाळी’. ‘फक्त’ हा सार्विक संख्यापक. त्यामुळे एकही पदार्थ नसलेली थाळी शाकाहारी ठरते, आणि या व्याख्येप्रमाणेच लिहिली तर मांसाहारीही. विनातिकीट प्रवासी पुन्हा भेटले. उपाय : ‘फक्त’सोबत ‘किमान एक’ हे बंधन लिहा.

उलट अडचणही येते. थाळीत वरण, भात, भाजी नोंदवली, तिन्ही शाकाहारी, तरी रीझनर (नोंदींवरून अनुमान काढणारा प्रोग्राम) थाळीला शाकाहारी म्हणत नाही. न नोंदलेले ते नसतेच, असे तो धरत नाही. नोंद नसलेली चौथी वाटी असू शकते. पदार्थ एवढेच, असे बंद करणारे विधान द्यावे लागते. शिवाय दोन नावे म्हणजे दोन वस्तू, असेही तो मानत नाही. ‘जास्तीत जास्त तीन पदार्थ’ असा नियम करून चार नावे नोंदवलीत, तर चूक दाखवण्याऐवजी त्यांतली कुठलीतरी दोन एकच असली पाहिजेत असे तो धरून चालेल. ती भिन्न आहेत हे स्पष्ट लिहा. वर्ग परस्परव्यावर्तक असतील तर तेही लिहा. नोंदी पूर्ण आहेत की नाहीत एवढेच तपासायचे असेल, तर ते काम शॅकल या नोंदी तपासण्याच्या भाषेकडे द्या. २०१७ पासून ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस आहे.

आणि एक उपयोगी युक्ती. व्याख्येत विसंगती असलेला वर्ग, उदाहरणार्थ शाकाहारी मटणथाळी, नुसता रिकामा ठरतो. संपूर्ण ऑन्टॉलॉजी विसंगत ठरत नाही. प्रत्येक वर्गात चाचणीपुरती एक नमुना-वस्तू टाका आणि रीझनर चालवा. ∃ आले की विसंगती बाहेर पडते.

‘चा प्रकार’ आणि ‘चा भाग’ ही नाती मात्र कोणताही रीझनर तुमच्यासाठी वेगळी करणार नाही. वाटी हा थाळीचा भाग आहे, प्रकार नव्हे. पण उपवर्ग म्हणून टाकलीत तर थाळीचे सगळे गुण निमूटपणे वाटीला चिकटतील. आकार बिनचूक आणि पदार्थविचार चुकलेला.

प्रश्न : बार्कन सूत्रावर इतका वाद का? ते तर केवळ चिन्हांची अदलाबदल वाटते. (तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक)

रूथ बार्कन यांनी १९४६ मध्ये मांडलेले सूत्र ◇(∃क्ष) प क्ष → (∃क्ष) ◇प क्ष असेही लिहिता येते (◇ म्हणजे ‘शक्य आहे की’). दोन चिन्हांनी जागा बदलल्या, एवढेच. आता अर्थ भरा. एका बाईंना मूल नाही, पण होऊ शकले असते : डावी बाजू खरी. उजवी बाजू म्हणते, आज असा कोणीतरी आहे, जो त्यांचे मूल असू शकला असता. कोण? आज असलेल्या माणसांपैकी तर कोणी नाही, कारण प्रत्येकाला आपापली आई आहे.

वाटा दोन आहेत. क्रिपकेने १९६३ मध्ये प्रत्येक शक्य जगाला स्वतंत्र विचारविश्व दिले, म्हणजे सूत्र अवैध ठरते. पण मग संख्यापकाचे नियम बदलावे लागतात आणि आपण मुक्त तर्कशास्त्राच्या शेजारी जाऊन पोहोचतो. टिमोथी विल्यमसन यांनी उलट बाजू घेतली : साधे, सशक्त तर्कशास्त्र ठेवायचे आणि सूत्र स्वीकारायचे. त्यासाठी आज ‘शक्य मूल’ असे काहीतरी आहे, फक्त ते मूर्त नाही, असे त्यांना मानावे लागते. पहिल्या वाटेवर सिद्धता अवघड होतात, दुसऱ्या वाटेवर अमूर्त ‘शक्य वस्तूं’ची गर्दी होते. वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहाल, तेव्हा बाईंचे उदाहरण आधी द्या आणि चिन्हे नंतर.